अंगणातील रंगभूमी

फाल्गुनातील होळी पेटली की रत्नागिरी जिल्ह्यातील खेड्यांना निराळेच चैतन्य येते. मुंबईचे चाकरमानी शिमग्यासाठी गावी परततात. ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघून घरोघर जाते. याच दिवसांत मृदंगाचा नाद घुमू लागतो आणि ‘खेळे आले, खेळे आले’ म्हणत मुले धावत सुटतात.

या खेळाला नमन असे म्हणतात. त्याला नाट्यगृह लागत नाही. सारवलेले अंगण किंवा देवळापुढील मोकळी जागा हीच त्याची रंगभूमी! आरंभी देवादिकांना वंदन करतात. त्यावरूनच खेळाला हे नाव मिळाले. मग गणपतीचे सोंग येते, गवळणी येतात. वेद चोरणारा आणि मत्स्यावताराच्या हातून मरण पावलेला संकासुरही येतो. त्याचा तो काळा वेष आणि ती उंच टोपी पाहून लहानगी आईच्या पदराआड लपतात. पण क्षणभराने हळूच डोकावून हसूही लागतात. लुगडे नेसून नाचणारी गोमू म्हणजे गावातलाच एखादा तरुण. दिवसा नांगर धरणारे हात रात्री मृदंग वाजवितात.

मध्ययुगात युरोपातही असेच घडत असे. इंग्लंडमधील यॉर्क नगरात उन्हाळ्यातील एका सणाला बायबलमधील कथांची नाटके होत. त्यांचा जुना उल्लेख १३७६ सालचा आहे. नट म्हणजे नगरातील कारागीरच. प्रत्येक व्यवसायाच्या संघाकडे एकेक कथा सोपविलेली असे. जलप्रलयाच्या कथेतील नौका बांधण्याचा प्रसंग जहाजे बांधणारे सुतार करीत, तर येशूच्या अखेरच्या भोजनाचा प्रसंग भटारी करीत. रंगमंच चाकांच्या गाड्यांवर उभारीत आणि पहाटेपासून त्या गाड्या ठरलेल्या ठिकाणी थांबत थांबत जात. लोक जागीच उभे राहत आणि नाटक त्यांच्या दारी येई.

पुढे धर्ममते पालटली. १५६९ नंतर यॉर्कचे ते खेळ थांबले. १९५१ साली ते पुन्हा सुरू झाले, तेव्हा मध्ये ३८२ वर्षे लोटली होती! संवाद हस्तलिखितात उतरलेले होते, म्हणून ते हाती लागले. पण त्या जुन्या कारागिरांचा आवाज, त्यांची चाल, त्यांचा अभिनय मात्र कोणालाही परत आणता आला नाही.

नमनाची पदे तर बहुतेक तोंडपाठच चालत आली आहेत. मृदंगावरील थाप कागदावर कशी उतरवावी? ती एका हाताकडून दुसऱ्या हाताकडेच जावी लागते. एखाद्या गावात ती साखळी तुटली, तर तेथे कोणते हस्तलिखित धावून येणार?

रात्र सरते. खेळे पुढच्या वाडीची वाट धरतात. रिकाम्या अंगणात एखादा मुलगा पालथ्या डब्यावर तीच थाप वाजवून पाहत बसतो. ताल चुकतो, तो पुन्हा आरंभ करतो. ओटीवरचे आजोबा त्याला झोपायला जा म्हणत नाहीत. ते उठून त्याच्याजवळ येऊन बसतात.