आंबोलीचं धुकं आणि ‘ऑटो’ची खाच

४ जुलै, कोल्हापूर
भाच्यानं नवी गाडी आणली. दुपारचं कडक ऊन होतं. डॅशबोर्डवर काचेच्या बुडाशी एक छोटी काळी घुमटी आहे, तिच्यावर त्यानं तळहात ठेवला आणि म्हणाला, “आत्या, समोरच्या भिंतीकडं बघ की.” क्षणभरात भिंतीवर हेडलाईटचा उजेड पडला. हात काढल्यावर दिवे लगेच विझले नाहीत, थोडे रेंगाळून विझले.

घुमटीत फोटोडायोड असतो. त्याच्यावर प्रकाश पडला की बारीकसा विद्युतप्रवाह वाहतो. उजेड वाढला की तो वाढतो, घटला की घटतो. गाडीतला छोटा संगणक तो सतत वाचत असतो आणि ठरलेल्या पातळीखाली उतरला की हेडलाईट लावतो. काही गाड्यांत हाच सेन्सर आतल्या आरशामागे, पावसाच्या सेन्सरशेजारी काचेला चिकटवलेला असतो.

आपल्याकडे काचेपुढची ती जागा गणपतीची. शिवाय तिथं जरीचं कापड, टोलच्या पावत्या, गॉगल. घुमटी झाकली गेली तर गाडीच्या लेखी रात्रच. भाच्यानं गणपती जरा डावीकडं बसवला.

६ जुलै
किती अंधार झाला म्हणजे दिवे लागायचे, हे आज नीट वाचून काढलं. संयुक्त राष्ट्रांचा वाहनांच्या दिव्यांबद्दलचा ४८ क्रमांकाचा नियम आहे. उजेड १,००० लक्सच्या खाली गेला की २ सेकंदांच्या आत हेडलाईट लागले पाहिजेत. ७,००० लक्सच्या वर गेला की विझायचे, पण ५ सेकंदांच्या आधी नाही आणि ३०० सेकंदांच्या नंतर नाही. मधल्या पट्ट्यात काय करायचं ते कंपनीनं ठरवायचं. अंदाज यावा म्हणून सांगते: भर दुपारच्या उन्हात १ लाखाच्या आसपास लक्स असतात.

लागण्याची आणि विझण्याची पातळी एकच ठेवली असती, तर वडाच्या झाडांखालून जाताना दिवे सारखे लुकलुकले असते. लावायची घाई आणि विझवायचा आळस मुद्दाम ठेवलेला आहे. अंधारात दिवा नसण्यानं जीव जाऊ शकतो, उजेडात मिनिटभर जास्त जळण्यानं काहीच बिघडत नाही.

जपाननं एप्रिल २०२० पासून नव्या मॉडेलच्या मोटारींना ही सोय सक्तीची केली. चालत्या गाडीत अंधारून आल्यावर चालकाला हेडलाईट बंद ठेवताच येत नाहीत. मला ही सक्ती पूर्ण पटते. आपल्याकडे कातरवेळी रस्त्यावर उभं राहून बघावं: स्वतःला रस्ता दिसतोय तोवर बहुतेकजण दिवे लावतच नाहीत. पण रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीला गाडी दिसायला हवी, तेही दिव्याचंच काम आहे.

११ जुलै, पुणे
साताऱ्याकडून येताना खंबाटकीचा बोगदा लागला. आत शिरल्या शिरल्या हेडलाईट लागले. काही गाड्यांत वरचा उजेड मोजणाऱ्या सेन्सरच्या जोडीला पुढं रोखलेला दुसरा सेन्सर असतो; त्यामुळं छोटा पूल आणि लांब बोगदा यांतला फरक गाडीला लवकर कळतो.

१६ जुलै, सावंतवाडी
आजरा सोडलं तेव्हा नुसती भुरभुर होती. आंबोलीत पोचलो आणि धुकं असं उतरलं की धबधब्याचा आवाज येत होता पण धबधबा दिसत नव्हता. वेळ सकाळी अकराची. दांडीवरचा स्विच ‘ऑटो’च्या खाचेत होता आणि डॅशबोर्डवर हेडलाईटची हिरवी खूण नव्हती. दाट झाडीत शिरलो की लागायची, दरीच्या उघड्या वळणावर आलो की थोड्या वेळानं जायची. म्हणजे जिथं धुकं सगळ्यात दाट, नेमकं तिथंच दिवे बंद.

यात सेन्सरचा दोष नाही. धुक्यातला प्रत्येक जलकण प्रकाश चहूकडं फेकतो, त्यामुळं घुमटीवर भरपूर पांढरा उजेड पडत असतो. त्याला विचारलेला प्रश्न एकच: उजेड किती? आपल्याला हवं असतं ते दुसरंच: किती लांबचं दिसतंय? पहिल्याचं उत्तर ‘भरपूर’ आणि दुसऱ्याचं ‘दहा पावलं’ असं एकाच वेळी असू शकतं, आणि आंबोलीत आज तसंच होतं.

आमच्या पुढं एक पांढरी मोटार होती. ती अंगावर आल्यासारखी अचानक दिसली. मागचे लाल दिवे बंद. तिच्या चालकाला मात्र आपले दिवे चालू आहेत असंच वाटत असणार, कारण पुढं दिवसा जळणाऱ्या एलईडीच्या पट्ट्या असतात. बऱ्याच गाड्यांत त्या पट्ट्यांबरोबर मागचे दिवे लागत नाहीत. समोरून ती गाडी छान दिसते, मागच्याला दिसतच नाही.

भाच्याला म्हटलं, स्विच फिरव, हेडलाईट हातानं लाव, आणि डिपरवरच ठेव. अप्पर लावला तर धुक्याची पांढरी भिंत उलट डोळ्यांवर येते. फॉग लॅम्प खाली बसवलेले असतात आणि त्यांचा झोत रुंद व बुटका असतो, म्हणून ते लावले की रस्त्याची कड तरी दिसते. कितीतरी लोक चारही इंडिकेटर लावून घाट उतरत होते. ते कुठल्या बाजूला वळणार, हे मागच्याला कळायला मार्गच उरत नाही.

१७ जुलै
बाजारातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडं गेलो. काच बदलून घेतल्यावर सेन्सर नीट बसला नाही, म्हणून दिवे वेळीअवेळी लागतात, अशा गाड्या त्याच्याकडं येतात. म्हणाला, “ताई, काही गाड्यांत वायपर थोडा वेळ चालला की हेडलाईट आपोआप लागतात. तेवढं तुमच्या पुस्तकात बघून घ्या.” पावसात त्याचा उपयोग आहे. कोरड्या धुक्यात वायपर चालतच नाही.

समोरून शाळेचा एक मुलगा स्कूटरवाल्याला पाचही बोटं उघडून-मिटून ‘लाईट चालू आहे’ अशी खूण करत होता. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत बंद होतच नाही. तिथं सेन्सर नाही, स्विचच काढून टाकला आहे. इतकी वर्षं झाली तरी ती खूण टिकून आहे, आणि मला ती आवडते. रस्त्यावरचा अनोळखी माणूस दुसऱ्याच्या बॅटरीची काळजी करतो.

२२ जुलै, कोल्हापूर
ही कल्पना तशी जुनी. अमेरिकेत जनरल मोटर्सनं १९५२ मध्ये ओल्ड्समोबिल आणि कॅडिलॅक गाड्यांच्या डॅशबोर्डवर ‘ऑट्रॉनिक आय’ नावाचा डोळा बसवला. समोरून गाडी आली की तो अप्परचा डिपर करायचा. संध्याकाळी दिवे आपोआप लावणारी ‘ट्वायलाइट सेंटिनल’ कॅडिलॅकमध्ये १९६४ ला आली. आज मध्यम किमतीच्या मोटारीतही ही सोय मिळते, आणि कातरवेळेसाठी व बोगद्यासाठी ती नक्कीच घ्यावी.

पण पावसाळ्यात आंबोली, ताम्हिणी, माळशेज चढणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. घाटाच्या पायथ्याशी स्विच ‘ऑटो’वरून काढून हेडलाईटवर आणा, एकदा खाली उतरून मागचे लाल दिवे लागलेत का ते बघा, आणि मगच वर चढा.