फोटोच्या मागची बाजू

मी काही फोटोग्राफर नव्हे. कॅमेरा म्हणून काय तो हातातला मोबाईल, आणि त्यातले निम्मे फोटो वीजबिलांचे. तरीही गेली तीन-चार वर्षं रात्री जेवणं उरकली की मी तासभर अमेरिकेतले जुने फोटो बघत बसतो. न्यूयॉर्कच्या उंच इमारती नव्हेत की नायगारा नव्हे. पेट्रोल पंपाच्या पायरीवर बसलेली माणसं, न्हाव्याचं दुकान, गरीब शेतकऱ्याच्या घरातली वर्तमानपत्रं डकवलेली भिंत, गावची जत्रा. बायको विचारते, "तुमचं कोण सोयरं आहे तिथे?" कुणी नाही. आमच्याकडे हल्ली घरटी एखादा भाचा-पुतण्या तरी परदेशात असतो, मला तोही नाही.

असल्या रोजच्या, साध्यासुध्या अमेरिकेला तिकडे 'अमेरिकाना' म्हणतात. रस्त्याकडेची खानावळ, हाताने रंगवलेल्या पाट्या, चार जुलैची मिरवणूक, चर्चच्या आवारातलं गावजेवण, असं सगळं त्यात येतं. आणि या अमेरिकेचा एवढा प्रचंड साठा करून ठेवला तो कुण्या कलावंतांच्या मंडळाने नव्हे, एका सरकारी खात्याने. हे प्रथम वाचलं तेव्हा मी खुर्चीत जरा सरळ होऊन बसलो.

मंदीचे दिवस होते. रूझवेल्टच्या सरकारने १९३५ साली उद्ध्वस्त शेतकऱ्यांना उभं करण्यासाठी एक खातं काढलं. १९३७ पासून त्याचं नाव झालं फार्म सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन. सरकारी पैसा कुठे चालला आहे ते लोकांना दिसायला हवं म्हणून खात्यात एक फोटो विभाग काढला आणि त्यावर रॉय स्ट्रायकर हा अर्थशास्त्राचा मास्तर नेमला. हा स्वतः फोटोग्राफर नव्हता. पण डोरोथिया लँग, वॉकर इव्हान्स, रसेल ली, मॅरियन पोस्ट वोल्कॉट अशा एकाहून एक माणसांना त्याने देशभर फिरवलं. डोरोथिया लँगने १९३६ साली काढलेला, चिंतेने कपाळाला आठ्या पडलेल्या आईचा फोटो तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल.

पण स्ट्रायकरला नुसतं दैन्य नको होतं. १९३६ साली रॉबर्ट लिंड या समाजशास्त्रज्ञाशी बोलून त्याने छोट्या गावांसाठी फोटोंची एक यादी तयार केली. ती अगदी सर्क्युलरसारखी आहे. संध्याकाळी घरी लोक काय करतात? पैसेवाले काय करतात, गरीब काय करतात? माणसं एकमेकांना कुठे भेटतात? बायकांना भेटायला पुरुषांइतक्या जागा आहेत का? भिंतीवर काय टांगतात? आमच्या कचेरीत इतकी सर्क्युलरं मी इनवर्ड केली, पण भिंतीवर काय टांगता असं विचारणारं एकही आलं नाही.

यातूनच सुमारे पावणेदोन लाख काळ्या-पांढऱ्या निगेटिव्ह जमल्या. आज त्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि गोव्यात बसून फुकट बघता येतात. रसेल ली १९४० साली न्यू मेक्सिकोतल्या पाय टाऊन नावाच्या एवढ्याशा वस्तीवर गेला आणि तिथल्या लोकांचं एकत्र गाणं, जेवणं, रात्रीचा नाच सगळं टिपून आला. लँगचा १९३९ सालचा एक फोटो माझ्या फार आवडीचा. उत्तर कॅरोलिनात चॅपेल हिलजवळ चार जुलैच्या सुट्टीला पेट्रोल पंपाच्या ओसरीवर पुरुष मंडळी टेकली आहेत. आपल्याकडे संध्याकाळी सोप्यावर किंवा तिठ्यावरच्या पिंपळाच्या पारावर बसतात, अगदी तशीच. काहींच्या अंगात बेसबॉलचे कपडे. खाली फोटोओळ आहे: असे पंप आता गावकऱ्यांच्या बसण्या-उठण्याच्या जागा झाल्या आहेत, आणि हे खेळाडू इथल्याच सीडरग्रोव्ह संघाचे, जवळच त्यांचा सामना आहे. ती ओळ नसती तर मला नुसती रिकामटेकडी माणसं दिसली असती. ओळीमुळे आता ती कुणाची तरी वाट बघत बसली आहेत असं वाटतं.

पुढे १९५५-५६ साली रॉबर्ट फ्रँक हा मूळचा स्वित्झर्लंडचा फोटोग्राफर अशीच अमेरिका काढत फिरला. 'द अमेरिकन्स' हे त्याचं पुस्तक फार गाजलं. त्यात ८३ फोटो आणि प्रत्येकाखाली फक्त विषय किंवा ठिकाण, एवढंच. कलावंताला ते शोभतं. कारकुनाचं त्यावर भागत नाही.

कारकून म्हटलं म्हणून सांगतो. या सगळ्या मोठ्या नावांमध्ये माझा माणूस वेगळाच आहे. त्याचं नाव जॉन व्हॅचॉन. १९३६ साली तो स्ट्रायकरच्या विभागात लागला तो 'असिस्टंट मेसेंजर' म्हणून. म्हणजे आमच्या शिपायाच्या एक पायरी वर की खाली, देव जाणे. काम काय, तर मोठ्या प्रिंटच्या मागच्या बाजूला फोटोओळी नकलून काढायच्या आणि त्या फायलीत लावायच्या. वय बाविशी-तेविशीचं. फोटोग्राफीचं वेडबीड काही नव्हतं. फायली लावता लावता एकदा ते फोटो बघही, असं म्हणे स्ट्रायकरने त्याला सुचवलं. हा बघू लागला. मग सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन वॉशिंग्टनमध्ये भटकू लागला. १९३८ साली खात्याने त्याला नेब्रास्कात पाठवलं. ओमाहा शहरातली धान्याची कोठारं, रस्ते, पाट्या, फाटकी माणसं त्याने काढली. आपली स्वतःची नजर आपल्याला तिथे सापडली असं त्याने पुढे लिहून ठेवलं आहे. नंतर तो 'लुक' मासिकाचा नावाजलेला फोटोग्राफर झाला. पण मला आवडतो तो आधीचा, मान खाली घालून फोटोंच्या मागे गावाचं नाव आणि महिना लिहिणारा.

याचं कारण सांगायला हवं. ते सांगायचं म्हणूनच हा लेख.

२०११ सालची गोष्ट. मी तेव्हा एलडीसी होतो. आमची कचेरी दुसरीकडे हलवायची होती आणि जुने कागद निकालात काढायचे होते. याद्या करायचं काम माझ्याकडे आलं. एका कपाटात तळाला खाकी लिफाफा सापडला. आत ६२ काळे-पांढरे फोटो. कसला तरी समारंभ, मंडप, हार, फीत कापणारे साहेब. साहेबांकडे कोण बघतो? मागे अर्धी कापली गेलेली दुकानाची पाटी होती. गडग्यावर चढून बसलेली पोरं होती. कडेला सायकलवर पाटी बांधलेला पोदेर थांबला होता, एक पाय जमिनीला टेकून. कळशी कंबरेवर घेतलेल्या तीन बायका होत्या, त्यातली एक तोंडावर पदर धरून हसत होती.

मागची बाजू कोरी. गाव नाही, तारीख नाही, कशाचं उद्घाटन तेही नाही. निवृत्तीला आलेल्या एका यूडीसींना दाखवले. ते म्हणाले, "फोंड्याकडचं म्हटलंस तर फोंड्याकडचं, सांग्याचं म्हटलंस तर सांग्याचं." हेडक्लार्कनी विचारलं, कुठल्या फायलीतले? मला सांगता येईना. फायल नाही तर कागद नाही, हा आमचा नियम. तपशिलाच्या रकान्यात मी लिहिलं, 'जुने फोटो, ६२ नग, निरुपयोगी', आणि खाली सही केली. दोन दिवसांनी ट्रक आला.

नियमाप्रमाणे काहीच चुकलं नव्हतं. मला कुणी बोललं नाही. मीही ते विसरलो होतो, खरं सांगतो. व्हॅचॉनबद्दल वाचलं तेव्हा ती हसणारी बाई एकदम डोळ्यांपुढे आली.

स्ट्रायकरही काही संत नव्हता. नापसंत निगेटिव्हना तो चक्क पंचिंग मशीनने भोक पाडायचा. आज ते फोटो बघताना आभाळात नाहीतर कुणाच्या छातीवर एक काळा वाटोळा ठिपका दिसतो. फोटोग्राफर चिडायचे. पण गंमत बघा, भोकं पाडलेल्या हजारो निगेटिव्हसुद्धा फेकल्या नाहीत. त्या लायब्ररीत गेल्या. ओळ नसल्यामुळे तिथे त्यांच्या नोंदीत लिहिलं आहे: बिननावाचा फोटो, कदाचित शेजारच्या अमुक फोटोशी संबंधित. मला या 'कदाचित'चं फार कौतुक वाटतं. हे माझ्या रकान्यात लिहायला किती जागा लागली असती?

असो. गेले ते फोटो काही परत येत नाहीत. घरच्या ट्रंकेत मात्र दीडेकशे आहेत. दर रविवारी दुपारी आई आणि मी ते काढून बसतो. आई ७९ वर्षांची आहे. डोळे अधू, पण साडीवरून माणूस ओळखते. ती सांगते, मी मऊ पेन्सिलीने मागे लिहितो. चवथ, माटोळीखाली कोण कोण. मुंज, कुणाची, कुठल्या साली. चेहरा लक्षात नसला तरी त्या दिवशी जेवायला काय होतं ते तिला आठवतं, मी तेही लिहून ठेवतो.

एक फोटो मात्र घरचा नाही. बाबा सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिक्षक होते. मुक्तीनंतर गावोगाव ज्या शाळा उघडल्या त्यांतलीच ही एक. पोरं दोन रांगांत, पुढच्या पोराच्या हातात पाटी, तिच्यावर 'इयत्ता दुसरी'. बाबा बाजूला उभे, हात मागे. २४ पोरं. सगळी नावं बाबांना पाठ असणार, पण बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. आईला तिघं आठवली. गेल्या जत्रेला मी तो फोटो घेऊन गावी गेलो. दुकानावर बसलेल्या एका साठी उलटलेल्या गृहस्थाने पाटीवाल्या पोरावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हांव." मग त्याने अकरा नावं सांगितली. दोघं आता नाहीत म्हणाला.

चौदा झाली. पंधरावी व्यक्ती रांगेत नाहीच. ती शाळेच्या खिडकीतून डोकावते आहे, हातात केरसुणीसारखं काहीतरी. मी आईला भिंग दिलं.

"आई, ही कोण गे?"

तिने बराच वेळ बघितलं. "कळना रे पुता."

मी लिहिलं: 'खिडकीत एक बाई, बहुधा शाळा झाडणारी.' पुढे नावापुरती जागा मोकळी ठेवली आहे. फोटो पिशवीत घालून ठेवलाय, पुढच्या जत्रेला परत न्यायचा आहे.