इंजिनाचा खण

बोट बाहेरून रंगवायची म्हटली की मोहल्ल्यातली पोरंसुद्धा ब्रश मागायला येतात. इंजिनाच्या खणात उतरायची वेळ आली की घरचीच माणसं उरतात. मिरकरवाड्यातल्या आमच्या लाकडी ट्रॉलरचा खण आम्ही तिघे भाऊ दर पावसाळी बंदीत साफ करायचो. 2024च्या जुलैत मात्र कारण वेगळं होतं. बोट विकायची होती. डिझेल आणि खलाशांचा पगार जाऊन हाती काही उरेना, धाकट्याचं कुवेतला जायचं ठरलेलं, आणि गिऱ्हाईक पंधरा दिवसांत बघायला येणार होतं.

आधी बॅटरीच्या वायरी सोडवल्या. तळाचं काळं पाणी डब्यांनी उपसलं. ते खाडीत ओतून मोकळे होणारे आहेत. आम्ही वर तरंगलेलं तेल काढून भंगारवाल्याच्या पिंपात घालतो. चिकट्यावर लाकडाचा भुसा पसरला आणि सकाळी खरवडून काढला. मग डिझेलचा बोळा, त्यानंतर साबणाची पावडर आणि गोडं पाणी. पुष्कळ जण डिझेलवरच थांबतात. ग्रीस निघतं खरं, पण डिझेल मागे राहतं, त्यावर रंग धरत नाही. पावसाळी हवेत लाकूड सुकायला वर ताडपत्री बांधून तीन दिवस पंखा लावावा लागला. आत रंगाच्या वासाने डोकं गरगरतं, म्हणून एक जण आत आणि एक जण तोंडाशी, हा आमचा जुना नेम.

रंग पांढराच हवा, हा अब्बांचा हट्ट. "पांढऱ्यावर तेलाचा थेंब बोलतो," ते म्हणायचे. लाल किंवा करड्या रंगात डिझेलच्या नळीची गळती मुरून जाते. रात्री दोन वाजता, बोट हलत असताना, बॅटरीच्या उजेडात ती दिसायला हवी.

इंजिन ज्या दोन जाड लाकडांवर बसतं, त्यातल्या डावीकडच्या लाकडात, मागच्या बोल्टापाशी, खरवडताना पेचकस बोटभर आत गेला. खाऱ्या पाण्याने लाकूड एवढं कुजत नाही. डेकच्या फटीतून झिरपलेल्या पावसाच्या पाण्याने कुजतं. तिथला बोल्ट ढिला झाला की इंजिन सरकतं, शाफ्टची रेघ चुकते आणि पाणी आत येऊ लागतं.

"पुट्टी भरू, वर दोन हात मारू. कोणाला दिसतंय?" धाकटा म्हणाला. तो वाईट नाही. एजंटाला द्यायचे पैसे याच सौद्यातून यायचे होते. मधला गप्प. आमच्याही मनात आकडे फिरत होते, खोटं कशाला सांगा.

अब्बा वर फळीवर बसले होते. "त्यांच्या बोटीवर खलाशी किती असतात रे?" त्यांनी विचारलं. कोणीच बोललं नाही. मग म्हणाले, "तेवढी जागा सोडून रंगवा."

तशीच रंगवली. सगळा खण पांढराशुभ्र आणि बोल्टापाशी हातभर तपकिरी लाकूड. गिऱ्हाईक आपला तांडेल घेऊन आलं. बॅटरीचा झोत पहिल्यांदा तिथेच पडला. तांडेलाने पेचकस मागून घेतला, टोचून पाहिला आणि मालकाकडे बघितलं. नव्या लाकडाचे आणि सुताराचे पैसे तर कापलेच, वर आणखीही कापले. अब्बांनी एकदाही घासाघीस केली नाही.

धाकट्याचे कमी पडलेले पैसे मधल्याने भिशी उचलून भरले. कुवेतला जायला त्याला दीड महिना उशीर झाला. जाईपर्यंत तो अब्बांशी जेवणापुरतंच बोलला.