पाटाची मोकळीक

विमानाच्या कारखान्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाच्या बोटांना शतांश मिलिमीटर कळू लागतो. ओझरचा कारखाना १९६४ साली मिग-२१ साठी उभा राहिला. सांगाडा इथे, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला अशी कामाची वाटणी होती. शेकडो मैलांवर बनलेले भाग इथे येऊन एकमेकांत बसत, ते केवळ मापाच्या भरवशावर. मी त्या मापाच्या शिस्तीत वाढलेला फिटर. निवृत्तीनंतर घरामागे पत्र्याची शेड घातली, सागाच्या फळ्या आणल्या आणि मायक्रोमीटर कपाटात ठेवून दिला. लाकडाची अचूकता वेगळ्या ठिकाणी असते. ती मला साध्या बसायच्या पाटाने दाखवली.

पाट म्हणजे एक फळी आणि तिच्या खाली दोन आडव्या पट्ट्या. नवशिक्याला यात शिकण्यासारखे काही दिसत नाही. पण फळीचे रेषे लांबीत धावतात आणि पट्टीचे त्यांना काटकोनात. लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते, तसे ते फुगते आणि आकसते. मात्र रेषांना आडवे. लांबीत जवळजवळ काहीच हलत नाही. म्हणजे फळी रुंदीत वाढायला बघते आणि तिच्याखालची पट्टी तसूभर सरकत नाही.

आमच्या निफाड तालुक्यातली हवा या भांडणाला चांगलेच खतपाणी घालते. हिवाळ्यात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा राज्यात नीचांकी उतरल्याच्या बातम्या येतात, मे महिन्यात चाळिशीची झळ असते आणि पावसाळ्यात कपाटाची दारे लागत नाहीत. माझ्या शेडमध्ये ओलावामापक मेमध्ये आठ टक्क्यांच्या आसपास दाखवतो, ऑगस्टमध्ये चौदाच्या. एवढ्या फरकाला फूटभर रुंदीची सागाची फळी तीन-साडेतीन मिलिमीटर वाढते. तेवढ्याच रुंदीचा ॲल्युमिनियमचा पत्रा तापमान वीस अंशांनी चढले तर मिलिमीटरच्या सातव्या हिश्श्याएवढा वाढेल. धातूच्या माणसाला पहिल्यांदा हा हिशेब पटत नाही, मग तो पुन्हा करतो.

सुतार पूर्वीपासून सुतात मोजतात. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, सव्वातीन मिलिमीटरला थोडे कमी. कारखान्यात असताना मला ते ढोबळ माप वाटे. आता वाटते, फळीच्या एका पावसाळ्याच्या चालीएवढे माप हाताशी असलेला माणूस ढोबळ काम करत नसतो. खिळे ठोकून किंवा फेव्हिकॉलने संपूर्ण चिकटवून पट्टी बसवली, की मेमध्ये केलेला पाट भाद्रपदात पाठ वर काढतो आणि जमिनीवर डुगडुगतो. पावसाळ्यात केलेला उन्हाळ्यात तडकतो, आणि तोही बरोबर मधोमध. शेजाऱ्यांचे असे पाट माझ्याकडे दुरुस्तीला येतात, त्यांच्या चिरा मी आधी निरखून पाहतो. गौरी-गणपतीला जो पाट मांडायचा, त्याच दिवसांत लाकूड सर्वांत जास्त फुगलेले असते.

यावर जुना उपाय आहे. फळीच्या खालच्या बाजूला तळाशी रुंद, तोंडाशी अरुंद अशी खाच काढायची, पट्टीचा माथा त्याच उताराचा घडवायचा आणि पट्टी बाजूने सरकवत आत न्यायची. सरस फक्त मधल्या दोन बोटांवर. दोन्ही टोके मोकळी. फळी मग मधून दोन्हीकडे वाढते, आकसते, आणि पट्टी तिला सरळ ठेवते पण अडवत नाही. खाच राउटरवर काढली तरी पट्टीचा माथा मी रंध्यानेच उतरवतो. ती सैल सरकली तर पाट खुळखुळेल, घट्ट गेली तर मोकळीकच उरणार नाही. इथे मात्र कारखान्याची बोटे पुरेपूर कामी येतात.

हौशी लोक विचारतात, पहिले यंत्र कोणते घ्यावे? बहुतेकांना टेबल सॉ हवा असतो. माझे मत ठाम आहे: आधी रंधा मशीन. कापून वखारीतही मिळते. पण एक बाजू खरोखर सपाट आणि एक कड काटकोनात नसेल, तर पुढचे प्रत्येक माप वाकड्यावरून घेतले जाते. जाड फळी उभी चिरली, की आतला ओलावा उघडा पडतो आणि ती दोन दिवसांत वळते. म्हणून चिरल्यावर ती पट्ट्यांवर ठेवून द्यावी आणि अंतिम जाडीला मगच आणावी.

फिरत्या पात्याजवळ हातमोजे घालायचे नाहीत. ते बोटांसकट ओढले जातात. मास्क मात्र हवाच. लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ सालीच कर्करोगकारक ठरवली आहे, आणि सागाच्या भुशाने अनेकांच्या कातडीला खाज सुटते. खिडकी उघडी आहे म्हणून मास्क लागत नाही, हा समज मला सर्वांत धोक्याचा वाटतो.

प्लायवूडचा पाट करा, म्हणजे हे काहीच नको, असेही सांगतात. ते खरे आहे. थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने प्लाय हलत नाही. त्याच गुणावर, बर्चच्या प्लायमध्ये बाल्सा भरून, १९४० साली मॉस्किटो हे लढाऊ विमान उडाले होते. फर्निचरला मी प्लाय आनंदाने वापरतो. पण पाटावर माणूस जेवायला बसतो, देव बसतो. तिथे अखंड फळीच असावी असे मला मनापासून वाटते.

भाचीच्या लग्नासाठी दोन पाट करायचे आहेत. फळ्या शेडमध्ये पट्ट्यांवर रचल्यात, टोकांना रंग लावलाय, कारण ओलावा टोकांतून झपाट्याने जातो आणि चिरा तिथूनच सुरू होतात. बहिणीचा दर आठवड्याला फोन येतो, "दादा, झाले का रे पाट?" दिवाळीनंतर मापकाचा आकडा स्थिर झाला, की रंधा लावीन.