व्हॉल्व्हचा आवाज



शाळेच्या भांडारातील निरुपयोगी वस्तूंची यादी आम्ही तयार केली. तीत लाउडस्पीकरचा जुना व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर होता. गिटार शिकणाऱ्या दहावीच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, हा भंगारात का? असा आवाज मिळावा म्हणून लोक केवढे पैसे मोजतात!" त्याचे म्हणणे तपासून पाहावे असे आम्हांस वाटले.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले. पुस्तकात 'निर्वात नलिका' होती. सुलतान बाजारात मात्र व्हॉल्व्ह म्हटल्यावाचून दुकानदारास कळत नसे. हवा काढून टाकलेल्या या काचेच्या नळीत कॅथोड तापला की इलेक्ट्रॉन निघून प्लेटकडे धावतात. वाटेत एक जाळी असते. तिला गिटारचा क्षीण संदेश दिला की तो मोठा प्रवाह त्याच चालीने कमी-जास्त होतो. ली डी फॉरेस्ट यांनी ही जाळी १९०६ मध्ये बसविली. आपल्या देशात बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनविले. त्यांतला ईएल८४ पुष्कळांच्या घरच्या रेडिओत असे. बीटल्सनी वापरलेल्या व्हॉक्स कंपनीच्या एसी३० या गिटार ॲम्प्लिफायरमध्येही चार ईएल८४ असतात. म्हणजे बातम्या ऐकविणारा आणि गिटार गाजविणारा व्हॉल्व्ह एकच!

आता आवाजाविषयी. भाषण चालू असताना लाउडस्पीकर फाटला तर आपण माइकवाल्यावर रागावतो. गिटारवादक मात्र तो जाणूनबुजून थोडा फाटू देतात. ताकदीपलीकडे संदेश दिला की व्हॉल्व्हमध्ये लहरीचा माथा हळूहळू दबून गोलसर होतो. साध्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरमध्ये तो बहुधा एकदम छाटला जातो. माथा दबला की मूळ स्वराबरोबर नवे उपस्वर उमटतात. त्यांत वरच्या सप्तकातला तोच स्वरही येऊ शकतो. तार हलकी छेडली तर आवाज स्वच्छ, जोराने छेडली तर भरदार व किंचित खरखरीत. वादकाचा हात कळतो. तानपुऱ्याची जवारी ऐकलेल्यास हे नवीन नाही. मिरजेचे कारागीर घोडीला नेमका बाक देतात, तिच्यावर दोरा सारतात आणि तार घोडीला घासून झणझणते. ती झणझण काढून टाकली तर तानपुरा मुका वाटेल.

मात्र 'जुना तितका गोड' हे आम्हांस पटत नाही. वापराने कॅथोड झिजतो व आवाज मंदावतो. किंमत येते ती डबीत न वापरता राहिलेल्या व्हॉल्व्हला. शिवाय आउटपुट ट्रान्सफॉर्मर व स्पीकर यांचा वाटा मोठा. आपला ॲम्प्लिफायर भाषणांसाठी केलेला. त्यास गिटार जोडताच बीटल्स अवतरतील अशी आशा त्या विद्यार्थ्याने धरू नये. (तो धरून बसला आहे!) तरी वजनावर विकून टाकण्याजोगा तो नाही. विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे की, त्यास तूर्त यादीतून वगळावे व व्हॉल्व्हचे काम जाणणाऱ्या कारागिरास एकदा दाखवावे. कोठीची गुजराती गल्ली आपल्याजवळच आहे. तेथे चौकशी केल्यास असा एखादा जुना हात सापडेल. तो कपॅसिटर व विजेची तार तपासून सांगेल, मग निर्णय घ्यावा.

पालकांनी एक गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी. माळ्यावर जुना रेडिओ असेल तर मुलांना त्याचे मागचे झाकण उघडू देऊ नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये दोनशे-तीनशे व्होल्ट काही काळ राहू शकतात. सुटे व्हॉल्व्ह सापडले तर ते कागदात गुंडाळून विज्ञान शिक्षकांकडे द्यावेत. काच पुसू नये. तिच्यावरची छापील अक्षरे नुसत्या अंगठ्यानेही जातात, आणि मग तो कोणता व्हॉल्व्ह हे ओळखणे कठीण होते.