रियासत

पलंगावर लोळत वाचू म्हटलं तर ती वाचू देत नाही. तिला टेबल लागतं, चांगला उजेड लागतो, शेजारी उत्तर हिंदुस्थानचा नकाशा लागतो. गो. स. सरदेसायांची ‘मराठी रियासत’ आठ खंडांची, आणि घाई तिला ठाऊकच नाही. शहाजीराजांपासून निघाली की पेशवाई बुडेपर्यंत वाटेतल्या प्रत्येक घराण्यात डोकावते. कोण कुणाचा मेहुणा, कुणाची लेक कुठे दिली, कुणावर सावकाराचं किती देणं. नवा वाचक इथे कंटाळतो; माझ्या मते तिची खरी गोडी इथेच आहे.

बडोद्याला राजपुत्रांना शिकवताना काढलेल्या टिपणांतून ती वाढली. समजावून सांगण्याची ती सवय तिने कधी सोडली नाही.

पानिपतच घ्या. शालेय पुस्तकात ते दोन परिच्छेदांत आटोपतं. तिच्या सोबतीनं जायचं तर उदगीर जिंकलेल्या सदाशिवरावभाऊंबरोबर मार्च १७६०मध्ये परतूडहून निघावं लागतं. पावसाळ्यात यमुना भरून वाहते, लष्करात पैशाची ओढ. ऑगस्टात दिल्ली हाती येते, पण तिथे दिवाण-इ-खासच्या छताची चांदी उतरवून नाणी पाडायची पाळी येते. ऑक्टोबरात कुंजपुरा पडतं, धान्य मिळतं, आपला जीव भांड्यात पडतो. तेवढ्यात अब्दाली बागपताजवळ यमुना उतरतो आणि दक्षिणेची वाट तुटते. शेवट शाळकरी पोरालाही माहीत असतो. तरी मन म्हणतं, आपले सरदार गोविंदपंत बुंदेले काहीतरी करतील. डिसेंबरात तेही मारले जातात. विश्वासरावाला गोळी लागते तोवर पेशव्यांच्या घराशी आपला इतका घरोबा झालेला असतो की पान उलटवत नाही.

रयतेच्या घरात मात्र ती क्वचितच शिरते. दरबार आणि छावणी हाच तिचा मुलूख. काही निष्कर्ष पुढच्या संशोधनाने बदललेही. स्वतः सरदेसायांनीच नंतर पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड संपादून अभ्यासकांना नवं साधन दिलं. पण कागदांतून माणसं उभी करण्याची तिची ताकद मला अजून दुसरीकडे फारशी भेटलेली नाही.

पानिपतानंतर पाचच महिन्यांनी पर्वतीवर नानासाहेब पेशवे जातात. डोक्यावर कर्ज, घरात राघोबादादा, उंबरठ्यावर निजाम, आणि पेशवाईची वस्त्रं १६ वर्षांच्या माधवरावाच्या अंगावर. रात्र कितीही झालेली असो, पुढचा खंड काढावाच लागतो.