खुनी कोण, हे आता विचारत नाही

रहस्यकथांवर पोसलेल्या वाचकाला एकच हाव असते: शेवटी नाव कळलं पाहिजे. बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांवर वाढलेला मी, खऱ्या खुनांच्या हकिगतीही त्याच भुकेने वाचायचो. ग्लासगोचं १९०८ सालचं मेरियन गिलख्रिस्ट प्रकरण हाती आलं तेव्हा तर पर्वणीच वाटली. त्यात शेरलॉक होम्सचे जन्मदाते आर्थर कॉनन डॉयल स्वतः उतरलेले! त्यांना खुनी सापडणार नाही तर कुणाला?

आज माझं मत अगदी उलट आहे. हौशी शोधकाने खुनी शोधायच्या फंदात पडू नये, असं मला वाटतं.

२१ डिसेंबरची संध्याकाळ, सातचा सुमार. ८२ वर्षांच्या मिस गिलख्रिस्ट घरात एकट्या. मोलकरीण हेलन लॅम्बी पेपर आणायला दहा मिनिटं बाहेर गेलेली. खालच्या मजल्यावरचे ॲडम्स वरचे आवाज ऐकून गेले, घंटा वाजवत उभे राहिले. तेवढ्यात लॅम्बी परतली. तिने दार उघडलं, तर आतून एक माणूस शांतपणे चालत आला, दोघांच्या समोरून बाहेर पडला आणि जिन्यावरून धूम पळाला. ॲडम्सच्या डोळ्यांवर नेमका चष्मा नव्हता. घरात हजारो पौंडांचे दागिने, पण गेला फक्त हिऱ्यांचा एक ब्रोच. कागदपत्रांची पेटी मात्र फोडलेली.

ऑस्कर स्लेटर नावाचा एक जर्मन ज्यू हिऱ्यांच्या ब्रोचची गहाणपावती विकू पाहतोय, अशी खबर पोलिसांना लागली. तो ब्रोच भलताच निघाला, शिवाय खुनाच्या महिनाभर आधीपासून गहाण पडलेला. म्हणजे धागा तिथेच तुटला. पण स्लेटर खोट्या नावाने ‘लुसितानिया’ बोटीवर चढून न्यूयॉर्कला निघाला होता. जुगारी, परका, बाईच्या बाबतीत बदनाम. तेवढं पुरलं. ओळख पटवायला लॅम्बी आणि मेरी बॅरोमन ही १४ वर्षांची दुसरी साक्षीदार मुलगी अमेरिकेला धाडली, तीही बोटीच्या एकाच केबिनमध्ये. मे १९०९ मध्ये एडिंबराला १५ ज्युरींपैकी ९ जणांनी त्याला दोषी ठरवलं. फाशी दोन दिवसांवर असताना शिक्षा जन्मठेपेवर आली.

डॉयल यांच्या १९१२ च्या पुस्तिकेतला मला सर्वांत आवडलेला भाग म्हणजे खुनी दागिन्यांसाठी नव्हे, कागदांसाठी आला असावा, हा तर्क. त्यावर पुढे कितीतरी लोकांनी इमले चढवले, म्हातारीच्या नातेवाइकांकडे बोटं दाखवली. स्लेटर मात्र या तर्काने सुटला नाही. तो सुटला कारकुनी कामाने. विल्यम रफहेड हा वकील खटला ऐकत कोर्टात बसला आणि १९१० मध्ये त्याने सगळ्या साक्षी छापून ठेवल्या. त्यामुळे कुणालाही त्या ताडून पाहता आल्या. उदाहरणार्थ, हत्यार म्हणून पुढे केलेली हातोडी. ती अडीच शिलिंगांच्या अवजारसंचातली, चुका ठोकायची, हलकी. तिने अशा भयंकर जखमा होतात का, एवढाच डॉयल यांचा प्रश्न. त्याला होम्सची बुद्धी लागत नाही, चिकाटी लागते. जॉन ट्रेंच या ग्लासगोच्या पोलिसानेच दडपलेली माहिती बाहेर दिली आणि नोकरी घालवून बसला. पुढे पत्रकार विल्यम पार्कने १९२७ मध्ये पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी स्लेटर सुटला. १९२८ मध्ये शिक्षा रद्द झाली, तीही न्यायाधीशांनी ज्युरीला चुकीचं समजावलं होतं म्हणून. कोर्टाला खऱ्या खुन्याची गरजच पडली नाही.

माझं मत खऱ्या अर्थाने फिरलं ते डॉयल यांच्याच आधीच्या एका प्रकरणाने. मूळचे मुंबईचे पारशी शापुरजी एदलजी इंग्लंडात पाद्री झाले. त्यांचा मुलगा जॉर्ज जनावरं भोसकल्याच्या आरोपावरून तुरुंगात गेला. इतक्या अधू नजरेचा माणूस रात्रीच्या अंधारात शेतं तुडवत जाऊन हे करूच शकत नाही, हे डॉयल यांनी १९०७ मध्ये जगासमोर मांडलं. अप्रतिम काम. पण ते तिथे थांबले नाहीत. कच्च्या पुराव्यावर त्यांनी दुसऱ्याच एका माणसावर ठपका ठेवला. पोलिसांनी जॉर्जचं जे केलं तेच! हे वाचून मी पुस्तक मिटलं, आणि माझी स्वतःची हावही तीच आहे हे ध्यानात आलं.

डॉयल यांना स्लेटर माणूस म्हणून मुळीच आवडत नव्हता, तरी ते वर्षानुवर्षं त्याच्यासाठी झगडले. मला यातच त्यांचा मोठेपणा दिसतो. शेवटी मात्र अपिलाच्या खर्चावरून दोघांचं फाटलं. सरकारने स्लेटरला ६,००० पौंड दिले, त्यातून त्याने खर्च भरावा, असं डॉयल यांचं म्हणणं. पूर्वी मला तो कृतघ्न वाटायचा. आता वाटतं, साडेअठरा वर्षं तुरुंगात काढलेल्या माणसाने आपल्या निर्दोषपणाचं बिल का भरावं?

मिस गिलख्रिस्टचा खुनी कधीच सापडला नाही. त्याचं नाव सांगणारं एखादं पुस्तक तुमच्याकडे असेल, तर कृपा करून मला देऊ नका. साक्षींचं असेल तर जरूर द्या.